थोरली, धाकटी आणि मामा

मामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. बंब चालवणाऱ्या या गृहस्थांना मामा केलं ते त्यांच्या ताईच्या दोन मुलींनी. त्या हाक मारायच्या म्हणून शेजारची पोरं मारायला लागली, पोरांचं ऐकून त्यांचे आईबाप. मग एकदा ताईच्या बोळातल्या गटारात अडकलेलं मांजर काढायला अग्निशमन केंद्राची सगळी मंडळी गेली. तिथे चहूबाजूंनी 'मामा आले, मामा आले' असा गजर ऐकून दुसऱ्या दिवसापासून केंद्राचे साहेबसुद्धा त्यांना मामा म्हणू लागले. बहीण एकुलती एक, पण भाचरं गावभर झाली. मांजराने मात्र नातं मानलं नाही, हाताला चांगलं बोचकारलं.

ताईचा बोळ जुन्या भागात, चढावर होता. तोंडाशी चांगला ऐसपैस, म्हणजे फसवा. मध्यावर तो कोपर दुमडावं तसा वळायचा आणि नेमक्या वळणावर एका घराचा दगडी कोपरा पुढे आलेला. केंद्राचा मोठा बंब एकदा सरावासाठी तिथे नेला होता. तो पुढे जाईना, मागे येईना. एका न्हाव्याची पाटी, दोन कुंड्या आणि मामांची अब्रू एवढं तिथे ठेवून बंब कसाबसा उलटा बाहेर काढावा लागला. त्या वळणाच्या पलीकडे, चढाच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर ताई राहायची. भाऊजी अर्धांगवायूच्या झटक्यापासून खिडकीशेजारी अंथरुणाला खिळलेले. माणूस धिप्पाड, आणि जिना असा चिंचोळा की लग्नात आलेलं कपाट दोर लावून खिडकीतून वर घ्यावं लागलं होतं. कपाटाला घाई नसते. आग लागली तर भाऊजींना खाली कसं आणायचं, या प्रश्नाला मामांकडे उत्तर नव्हतं.

जन्मभर दुसऱ्यांच्या आगी विझवल्या की माणूस धीट होतो, असं लोकांना वाटतं. मामांचं उलट झालं होतं. ताईकडे चहाला गेले तरी कप हातात घेण्याआधी ते जिन्यातला विजेच्या मीटरचा डबा हुंगून यायचे. शेगडीची नळी वाकवून बघायचे. ताई वैतागायची.

"अरे, तू भाऊ म्हणून आलायस की तपासणीला?"

"वास येतोय कसला तरी."

"भाजी करपलीय तुझ्याकडे बघताबघता. बस खाली."

मामा बसायचे, पण जीव बसायचा नाही.

आणि अशात एक दिवस ती लहान गाडी आली. सगळी कामं एकाच गाडीत मावणारी, नव्या पद्धतीची. साहेबांनी तिचं वर्णन वाचून दाखवलं तेव्हा मंडळींना वाटलं, कुणीतरी घरच्या पोरीचं स्थळ सुचवतंय: दिसायला नीटस, अंगाने लहान, कामाला वाघ. पाण्याची टाकी हिच्यात, फेस करायची सोय हिच्यात, अपघातात गाडीचा पत्रा कापायची मोठी कातर हिच्याच इंजिनावर चालणार, वर शिडी, मागे दिव्याचा खांब, पुढे ओढायचा दोर. पहिल्याच दिवशी मोठ्या बंबाचं नाव थोरली पडलं आणि हिचं धाकटी. केंद्रात जणू दोन जावा नांदू लागल्या.

मामा धाकटीच्या प्रेमात पडले ते पहिल्या वळणावर. थोरलीला वळवायचं म्हणजे आधी रस्त्याची परवानगी काढावी लागे. धाकटी नुसत्या मनगटावर वळायची. बाजारातल्या हातगाड्यांमधून, दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाक्यांमधून ती सुईसारखी निघायची. तिच्या बारीक पाइपातून पाणी धुक्यासारखं उडायचं, त्यामुळे खोलीतली आग थोडक्यात आटपायची आणि खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं अंथरूणही भिजायचं नाही. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' असं मामा भेटेल त्याला सांगत सुटले.

केंद्रात मात्र दोन तट पडले. पैलवान म्हणून एक फायरमन होता, फुंकर मारली तर उडेल असा, म्हणूनच पैलवान. त्याचं मत पहिल्या आठवड्यातच पक्कं झालं.

"मामा, ही गाडी म्हणजे सतरा खिशांचा सदरा आहे. सुट्टे पैसे कुठल्या खिशात ठेवले ते आठवेपर्यंत दुकान बंद. काल फेसाचा डबा काढायला मला आधी दोर काढावा लागला, दोराआधी कातरीचे पाइप. एक ना धड, भाराभर चिंध्या."

"सवय होईल," मामा म्हणाले.

"आणि पाणी? थोरलीच्या टाकीच्या पाव हिश्शाइतकंही नाही. मोठा पाइप सोडला तर मी शिंकेपर्यंत टाकी कोरडी."

"मोठा सोडायचाच नाही. आधी रस्त्यातल्या बंबासाठीच्या नळाला जोडायचं, मग सोडायचं. तोवर बारीक पाइपावर भागवायचं."

"हे डोक्याला सांगून उपयोग नाही, हाताला सांगा," पैलवान म्हणाला. थोरलीवर सगळ्यांच्या हाताला एकच वळण पडलं होतं: पोचलो की आधी पाणी, मग बाकीची चौकशी. तिच्या पोटात तेवढं पाणी असायचं. धाकटीवर हाच क्रम उलटा करावा लागणार होता. मामांनी मान डोलावली आणि तेवढ्यापुरती गोष्ट पटलीही. दुसरा फायरमन लांब्या याची तक्रार वेगळीच होती. धाकटीत त्याचे गुडघे हनुवटीला लागायचे.

नगरपालिकेच्या समितीसमोर गाडीचं प्रात्यक्षिक करून दाखवायचं ठरलं, तेव्हा साहेबांनी जागा विचारली आणि मामांनी ताईचा बोळ सुचवला. यात लपवाछपवी काहीच नव्हती, गावातला सगळ्यात अवघड बोळ तोच होता. धाकटी त्या वळणावरून अशी गेली की दगडी कोपऱ्याला तिचा वाराही लागला नाही. चढ चढली, ताईच्या दारात थांबली, शिडी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला टेकली. लांब्या वर चढला आणि त्याने खिडकीतून भाऊजींशी हात मिळवला. सगळ्या बोळाने टाळ्या वाजवल्या. ताई पदर डोळ्यांना लावून उभी होती, आणि मामांना त्या क्षणी वाटलं की आपल्या नोकरीचं सार्थक झालं.

समितीचे अध्यक्ष पांढरे बूट सांभाळत चढ चढून आले होते. धापा टाकत त्यांनी विचारलं, "म्हणजे सगळं करते ना ही?"

"सगळं करते, अध्यक्षसाहेब," मामा म्हणाले.

मागे पैलवान खोकला. मामांना त्या खोकल्याचा अर्थ कळला होता. सगळं करते, पण एका वेळी एकच करते, हे बोलायला हवं होतं. पण वर खिडकीत भाऊजी हसत होते, कितीतरी दिवसांनी हसत होते, आणि अशा वेळी आपणच आपल्या आनंदावर पाणी कोण ओतणार? बंबवाला असला तरी तोही माणूसच. ते गप्प राहिले.

सरकारी डोकं कसं चालतं हे मामांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. एक गाडी सगळं करत असेल तर दोन कशाला पोसायच्या, असा विचार समितीने केला. थोरलीची चाकं काढून तिला मागच्या अंगणात ठोकळ्यांवर चढवलं. मामा धाकटीवर आल्यावर तिच्यावर नेमलेला चालक पाणीपुरवठ्याच्या टँकरवर गेला आणि त्याच्या बरोबरची माणसं कुठेकुठे पांगली. मामा धावत साहेबांकडे गेले.

"साहेब, हे काय? मी धाकटी मागितली होती. थोरली काढा असं कुठे म्हटलं होतं?"

"तुम्हीच म्हणालात ना मामा, सगळं करते म्हणून?" साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले. "मी समितीला दोनदा लिहून कळवलंय. ते म्हणतात, चालवणाऱ्याचंच मत आहे, तुम्ही कशाला अडून बसता."

मामा परत आले. येताना थोरलीपाशी थांबले. तिची बसायची गादी त्यांनी मोठ्या रस्त्यावरच्या गादीवाल्याकडून खास भरून घेतली होती, कंबर दुखायची म्हणून. गादीवाला त्यांचा जुना दोस्त. तो म्हणायचा, "मामा, तुम्ही आग विझवायला जाता की झोपायला? एवढी मऊ गादी मी जावयालासुद्धा दिली नाही." कामावर जाता-येता त्याच्या कारखान्यात टेकायचं, त्याच्या बायकोच्या हातचा चहा घ्यायचा आणि तिला वहिनी म्हणून चार थट्टा करायच्या, हा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. कारखाना म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट शेड, पुढे शिलाई, मागे फोमचे गठ्ठे छतापर्यंत. रस्ता असा रुंद की तिथे थोरलीसारख्या दोन शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या असत्या.

मग तो दिवस आला. दुपारची जेवणं उरकली होती आणि मंडळी सुस्तावली होती. घंटा वाजली: गावाबाहेर हमरस्त्यावर एक जीप मालट्रकच्या मागे घुसलेली, चालक आत अडकलेला. साहेब केंद्रात थांबले, बाकीचे धाकटीतून निघाले. पोचल्यावर धाकटीने आपलं कसब दाखवलं. कातर जोडली, मामांनी इंजिनाचा वेग धरला, पैलवान पत्रा कापू लागला. जीपच्या चालकाचे दोन्ही पाय खाली चेपलेले. त्याने लांब्याचं मनगट पकडलं होतं आणि तो एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होता, "जाऊ नका हां. सोडून जाऊ नका."

"कुठे जातोय? इथेच आहे," लांब्या म्हणत होता.

तेवढ्यात वायरलेसवर साहेबांचा आवाज आला. गादीवाल्याच्या कारखान्याला आग. आत माणूस आहे.

साहेबांनी विचारलं, "मामा, सोडून येता येईल?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ही म्हण मामांनी आयुष्यात शंभर वेळा हसत वापरली असेल. आज हसू नव्हतं. गाडी नेली तर कातरही जाणार होती, कारण ती गाडीच्याच इंजिनावर चालत होती. जीपचं दार अर्धं उघडलं होतं आणि माणूस रक्ताने निथळत होता. पलीकडे मोठ्या रस्त्यावर फोम जळत होता, आणि फोमच्या धुरात माणूस किती टिकतो हे मामांना चांगलं ठाऊक होतं. ते ठाऊक नसतं तर किती बरं झालं असतं.

"नाही साहेब," ते म्हणाले. "नाही येता येणार. इथे जीव अडकलाय."

मग साहेब म्हणाले, "शेजारच्या गावाला कळवतो. मी हातातली नळकांडी घेऊन पळतोय." ते खरंच पळाले, पायी, पन्नाशी उलटलेला माणूस, आग विझवायची दोन लाल नळकांडी दोन हातांत घेऊन, थोरलीच्या बाजूने, तिच्या चाकं काढलेल्या अंगाला जवळजवळ घासून.

जीपचा चालक जिवंत बाहेर निघाला. त्याला रुग्णवाहिकेत घालताना त्याने हात जोडले, पण ते बघायला मामा थांबले नव्हते. त्यांनी धाकटी अशी हाणली की पैलवानासारखा बोलका माणूसही वाटेत गप्प बसला.

कारखान्यावर काळ्या धुराचा ढग उभा होता. शेजारच्या गावाचा बंब अजून वाटेतच होता. वहिनी रस्त्यात उभी होती, दोन बायकांनी तिला धरून ठेवलं होतं. बाहेर पडलेला गादीवाला शिलाईचं मशीन ओढून काढायला पुन्हा आत शिरला होता आणि परत आला नव्हता. साहेब रिकामी नळकांडी टाकून दारातून आत जायचा प्रयत्न करत होते आणि धूर त्यांना परत ढकलत होता. गर्दीतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!" काहीजण हसलेसुद्धा. माणसं अशा वेळी का हसतात कोण जाणे.

आणि इथे मामांच्या हाताने घात केला. पन्नास वेळा घोकलेलं सगळं विसरून, थोरलीवर जे वळण हाताला पडलं होतं तेच हाताने केलं: आधी पाणी. त्यांनी मोठा पाइप सोडला, पूर्ण जोराने. पैलवान पाणी मारत आत घुसला. लांब्या रस्त्याच्या नळाकडे धावला, पण नळाचं झाकण निघायच्या आतच टाकी संपली. पैलवानाच्या हातातला पाइप मऊ पडला आणि तो धुरात नुसता उभा राहिला. मामांना त्याचा आवाज ऐकू आला, "मामा, पाणी! मामा, पाणी!" नळ जोडेपर्यंत पैलवानाला गुडघ्यांवर रांगत बाहेर यावं लागलं.

गादीवाला सापडला तो कापड बेतायच्या टेबलामागे. अंगावर भाजल्याची खूणसुद्धा नव्हती. डॉक्टर म्हणाले, धुरानेच गेला, कदाचित तुम्ही पोचायच्या आधीच. कदाचित. हा शब्द मामांनी घरी नेला आणि त्यांना तो धड टाकता येईना, धड ठेवता येईना.

काही दिवसांनी ते वहिनीकडे गेले. जळक्या शेडच्या बाहेर खुर्ची टाकून ती बसली होती. मामा समोरच्या कट्ट्यावर टेकले.

"मामा, तुम्ही कुठे होतात त्या वेळी?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, राग असता तर मामांना सोपं गेलं असतं.

"हमरस्त्यावर. अपघात होता, माणूस अडकला होता."

"वाचला तो?"

"वाचला."

"बरं झालं." तिने पदराने चेहरा पुसला. मग म्हणाली, "आणि ती मोठी गाडी कुठे होती? जिची गादी यांनी भरली होती ती?"

मामा तसेच उठून आले, आणि त्या दिवसापासून कामावर जायला त्यांनी मागची गल्ली धरली.

गावात गवगवा झाला तशी समिती घाबरली. घाबरलेली समिती शहाण्या समितीपेक्षा जास्त काम करते. ठरायला लागलं की धाकटी परत करायची, बदल्यात मोठा बंब पुन्हा वापरात घ्यायचा. गाडी एकच ठेवता येईल, लहान की मोठी ते ठरवा, आणि त्यासाठी चालकाचं मत पुन्हा ऐकायचं. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ताईने मामांना बोलावून घेतलं. तिच्यापर्यंत सगळं पोचलं होतं.

"धाकटी जाणार म्हणे?"

"बघू."

"मग आमचं काय रे?" ती बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली. "जाऊ दे. त्या बाईचं घर बसलं आणि मी काय बोलतेय."

"तू खरंच बोललीस," मामा म्हणाले. आतल्या खोलीतून भाऊजींचा अडखळता आवाज आला, "त्याला... जेवायला वाढ." मामा जेवले नाहीत.

बैठकीत अध्यक्षांनी घसा खाकरला. "मामा, तुमचा अनुभव मोठा. आता स्पष्ट सांगा. लहान की मोठी?"

मामा उभे राहिले. टेबलाच्या कडेला त्यांनी दोन्ही हात टेकवले.

"मी सांगू नये, अध्यक्षसाहेब. माझी बहीण त्या बोळात राहते. तिचा नवरा अंथरुणावर आहे. मला धाकटी हवी होती ती त्यांच्यासाठी. मागच्या वेळी तुम्ही विचारलंत तेव्हा अर्धंच उत्तर दिलं मी. आणि त्या दिवशी कारखान्यावर पाणी मीच संपवलं. धाकटीला थोरलीसारखं चालवलं. गाडीचा दोष नाही त्यात. बोळात धाकटीच लागेल, मोठ्या रस्त्यावर थोरलीच लागेल. दोन्ही लागतील. एकच निवडा म्हणाल तर मी कुणाच्या तरी घराला काडी लावल्यासारखं होईल, ते माझ्याकडून करवून घेऊ नका."

साहेबांनी खाली बघितलं. मामांना वाटलं आता आपली चौकशी लागेल, आणि लागली असती तर त्यांना हायसंच वाटलं असतं. पण अध्यक्षांचा चेहरा उजळला. त्यांना तोडगा सापडला होता.

"मग सोपं आहे! दोन्ही ठेवू. थोरलीची चाकं परत बसवा. माणसं मात्र वाढवून मिळणार नाहीत. आहेत तीच मंडळी, तोच चालक. हाक आली की मामा ठरवतील कुठली न्यायची. अनुभवी माणूस आहे."

सगळ्यांनी बाकं वाजवली. साहेबांनी दोनदा हात वर केला, पण पुढचा विषय सुरू झाला होता. बाहेर आल्यावर पैलवान म्हणाला, "मामा, दोन गाड्या आणि एक चालक म्हणजे एकच गाडी. एवढंही कळत नाही का यांना?"

थोरलीला चाकं लागली. तिची टाकी भरली. दोघी जावा पुन्हा शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या, आणि मामांची झोप उडाली. घंटा वाजली की दोन्ही दारांच्या मधे उभं राहून एका श्वासात ठरवायचं. कारखान्याच्या हाकेला धाकटी नेली तर पाणी संपणार, बोळाच्या हाकेला थोरली नेली तर ती वळणावर अडकणार, आणि नीट निवडली तरी दुसरी हाक आली तर? ते ताईकडे गेले आणि सगळं सांगून बसले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आता मी काय सांगते ते ऐक," ती म्हणाली. "माझं घर आहे म्हणून धाकटी काढू नकोस."

"नाही काढणार."

"आणि लोकांची लाज वाटते म्हणून थोरलीही काढू नकोस. तुला मी लहानपणापासून ओळखते. तू दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या ताटातलं वाढणारा आहेस. माझ्या ताटातलं वाढू नकोस."

मामांना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी, ऐन कामाच्या वेळी घंटा वाजली. साहेब खिडकीतून ओरडले. ताईचाच बोळ, वळणाच्या वर, जिन्यात धूर. मामांचे पाय आपोआप धाकटीकडे वळले. मग ते थबकले, थोरलीकडे बघितलं, आणि स्वतःवरच चिडून पुन्हा धाकटीकडे धावले. बोळ होता. बोळाला धाकटीच. ताई तिथे नसती तरीही धाकटीच. हे त्यांनी वाटेत स्वतःला इतक्या वेळा बजावलं की लांब्याने शेवटी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

जिना ताईच्याच घराचा निघाला. मीटरचा डबा पेटला होता आणि धूर वर चढत होता. यावेळी मामांचा हात चुकला नाही. आधी वीज तोडली, मग लांब्या नळाकडे, मग बारीक पाइप. शिडी खिडकीला लागली, पैलवान वर गेला, पण भाऊजींना उचलायची वेळच आली नाही. चार फवाऱ्यांत आग विझली. भिंत काळी झाली, एका बिऱ्हाडाची सायकल करपली, आणि तेवढंच.

बोळ नुसता उसळला. पोरं 'मामा, मामा' करत गाडीभोवती जमली. कुणी खांद्यावर थाप मारली, कुणी हात धरला. न्हाव्याने तर जुन्या पाटीचा राग सोडून मिठी मारली. ताई खिडकीत आली. तिच्या मागे भाऊजींचा हात हलताना दिसत होता.

"अरे, वर ये ना!" तिने हाक मारली. "चहा तरी घेऊन जा. दोन मिनिटं बस!"

मामा पाइप गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "आटपा रे," ते पैलवानाला म्हणाले, "लवकर आटपा." बोळातल्या लोकांना वाटलं, मामा आता मोठे झाले, बहिणीच्या घरचा चहासुद्धा घेईनात. एकाने तसं बोलूनही दाखवलं.

मामांनी गाडी सुरू केली. केंद्राच्या अंगणात थोरली उभी होती, टाकी काठोकाठ भरलेली, आणि ती चालवायला तिथे कुणीही नव्हतं.